प्रतिसाद: दोष एकट्या दिग्दर्शकाचा नाही

'माहितीपटवाल्याला भयपट जमलाच नाही' हे वर आलेलं मत मला अर्धंच पटतं. 'ब्लेअर विच २' (२०००) या भयपटाची खरी वाट संकलनाच्या टेबलावर लागली. मूळचा माहितीपटवाला असलेल्या दिग्दर्शक जो बर्लिंजरच्या आराखड्यात पोलीस चौकशीची दृश्यं शेवटी सलग येणार होती: आपण पाहिलेलं खरं की व्हिडिओ टेपवरचं, हा धक्का तिथे बसायला हवा होता. आर्टिझन या स्टुडिओने ती तोडून सिनेमाभर पेरली. त्यामुळे खून झालेत आणि जिवंत कोण उरलंय, हे सुरुवातीलाच फुटतं. मग संशयाला जागा कुठे राहते?

रक्तपाताचे झटपट शॉट्सही मागाहून चित्रित करून घुसडलेले. सुरुवातीला फ्रँक सिनात्राचं 'विचक्राफ्ट' हे गाणं होतं, तिथे मॅरिलिन मॅन्सनचं रॉक गाणं आलं आणि पहिल्याच मिनिटाला सूर बिघडला. पहिल्या भागातला हातातला कॅमेरा सोडून नेहमीच्या पद्धतीने चित्रण करणं मात्र दिग्दर्शकाचाच निर्णय, आणि माझ्या मते तो योग्य होता.