मदत हवी आहे: उधाणाने बंधारा फुटला, दाद कोणाकडे मागायची?

खाजणवाला
अमावास्येच्या उधाणात बंधाऱ्याला खांड गेली. नुकतंच लावलेलं भात खाऱ्या पाण्याखाली आहे. तलाठी म्हणतात बंधारा आमच्याकडे येत नाही. ज्यांचा बंधारा ते म्हणतात नुकसानीचं महसूलला विचारा. पौर्णिमा तोंडावर आलीय. जबाबदार कोण एवढंच सांगा. ‘निवेदन द्या’ सांगू नका, दिलंय.

वाशिष्ठीकाठ
गाव कुठलं? बंधारा खाडीचा की समुद्राकडचा? खाडीचा असेल तर बहुधा खारभूमी विभाग. समुद्राकडचा धूपप्रतिबंधक असेल तर पतन (बंदर) विभाग नाहीतर मेरीटाईम बोर्ड. ‘ज्यांचा बंधारा’ म्हणजे नक्की कोण? आणि सरकारी योजना की खासगी खार (बांध घालून राखलेली खाडीकाठची जमीन)? खासगी असेल तर दुरुस्तीचा विषयच वेगळा.

खाजणवाला
खाडीचा. रत्नागिरी जिल्हा. आजोबांच्या आधीपासून आहे. उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, मात्र सरकारने बांधलेली.

डोंबिवलीकर
पनवेल-3 लावा. खारं पाणी सहन करणारी भाताची जात आहे, पनवेलच्या संशोधन केंद्राची. आमच्या मामांकडे छान येते.

वाशिष्ठीकाठ
अहो, त्यांचं शेत आत्ता पाण्यात आहे.

चाकरमानी
कोणी जबाबदार नसतं. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, वर्षभर चर्चा कसली तर कोळकेवाडी धरणाचं पाणी सोडलं की नाही. माणसं मात्र पत्र्यावर बसून होती.

वाशिष्ठीकाठ
त्या दिवशी सह्याद्रीत पाऊस किती होता ते पण सांगा. कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी चिपळूणच्या वाशिष्ठीत बारा महिने येतं. सगळं धरणावर ढकलून नदीतला गाळ विसरायचा?

निवृत्त नायब
चिपळूणसाठी वेगळा धागा काढा. खाजणवाले, तुमचे दोन प्रश्न आहेत आणि तुम्ही ते एकत्र घेऊन फिरताय, म्हणून टोलवाटोलवी होतेय. केंद्राच्या 12 आपत्तींच्या यादीत उधाण नाही, पण राज्याने आणखी काही घोषित केल्यात त्यात ‘समुद्राचे उधाण’ आहे. त्यामुळे बंधारा कोणाच्या बापाचा का असेना, पिकाचा पंचनामा महसूलनेच करायचा. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक मिळून. बांधाची दुरुस्ती हा दुसरा प्रश्न. दोन्हींच्या वर एकच माणूस, जिल्हाधिकारी. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच. कुठल्याही खात्याला कामाला लावू शकतात. अर्जात हा कायदा लिहा.

पोफळीची बाग
पंचनाम्याने काय होतं? निसर्ग वादळात आमची श्रीवर्धनची वाडी झोपली. सरकारने बागांचा दर वाढवून हेक्टरी 50 हजार केला, पेपरात केवढं कौतुक! गुंठ्याला 500 झाले. आमची वाडी आठ गुंठ्यांची. आडव्या पोफळी तोडून बाहेर काढायची मजुरीसुद्धा सुटत नाही त्यात. घाटावरच्या शेताच्या मापाने कोकण मोजतात.

निवृत्त नायब
दर कमी आहे हे मान्य. पण पंचनामाच नसेल तर तोही नाही.

चाकरमानी
सरळ कोर्टात खेचा.

निवृत्त नायब
तालुक्याच्या कोर्टात नको. आपत्ती कायद्याखालच्या कारवाईवर दाद फक्त उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात.

खाजणवाला
सातबारा सामाईक आहे, निम्मी नावं मुंबईला, दोघे वारलेत. तलाठी संमतीपत्र मागणार.

निवृत्त नायब
संमतीपत्र पैसे खात्यात टाकताना लागतं, पंचनाम्याला नाही. पाणी ओसरायच्या आत पंचनामा करून घ्या, नंतर सिद्ध करत बसाल. आणि ओहोटीला खांडीचे फोटो काढा, शेजारी माणूस उभा करून. रुंदी कळली पाहिजे.

खाजणवाला
फोटो काढतो. पण नायबसाहेब, पौर्णिमेच्या आधी खांड बुजवायला गावाने स्वतः माती टाकली तर उद्या ‘बांधाला हात का लावला’ म्हणून आमच्यावरच येणार नाही ना?

निवृत्त नायब
तहसीलदारांना आधी लेखी कळवा, पोच घ्या, मग टाका.

वाशिष्ठीकाठ
नुसती माती धुऊन जाईल. वाळूच्या गोण्या लावा आणि बाहेरून दगड.