मदत हवी आहे: उर्दूत 'मला आता निघायला हवं' अदबीनं कसं म्हणायचं?

पानगळ
प्रश्न वर दिलाच आहे. नेटवर शोधलं तर प्रत्येक ठिकाणी वेगळं वाक्य सापडतंय. मला एकच हवंय, पण बरोबर हवंय. 'अब मैं आती हूँ' चालेल का? आज संध्याकाळीच लागणार आहे, लवकर सांगा प्लीज.

रोखठोक
ख़ुदा हाफ़िज़ म्हणा आणि निघा. त्यात एवढं काय?

शीन_क़ाफ़
रोखठोक, ख़ुदा हाफ़िज़ हा शेवटचा शब्द झाला. त्याआधी परवानगी मागायची असते, नाहीतर तुटक वाटतं.
पानगळ, 'आती हूँ' अजिबात नको. मराठीत आपण 'येते' म्हणून निघतो. उर्दूत तेच म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्ही दोन मिनिटांत परत येताय, आणि तो थांबून राहील. 'जाती हूँ'ही कोरडं वाटतं. 'चलती हूँ' म्हणायचं.
पण समोर कोण आहे? मोठे की बरोबरीचे? प्रत्यक्ष की फोनवर? सगळं आटोपल्यावर निघायचंय की मधूनच? हे सांगितल्याशिवाय नेमकं वाक्य देता येणार नाही.

दखनी_दौलत
'आती हूँ' सरसकट चूक नाही. हैदराबादकडे 'जाके आता हूँ' म्हणून लोक सर्रास निरोप घेतात. दखनी ही उर्दूच आहे, फक्त लखनौची म्हणजे उर्दू असं नाही.

शीन_क़ाफ़
दखनीला कोण कमी म्हणतंय? पण त्या वाक्यात 'जाके' आहे, म्हणून निरोप कळतो. नुसत्या 'आती हूँ'ला तो अर्थ तिथेही येत नाही. शिवाय ते घरगुती बोलणं आहे, धागाकर्तीला अदब हवी आहे.

बाराखडी
रजेचा अर्ज असेल तर वर 'दरख़्वास्त बराए रुख़्सत' लिहा. सुरुवात 'बख़िदमत जनाब' आणि पुढे पद. मजकूर 'गुज़ारिश है कि' पासून. शेवटी 'ऐन नवाज़िश होगी' आणि सहीच्या जागी 'अल-आरिज़', म्हणजे अर्जदार. 'रज़ा' हा शब्द वापरू नका. उर्दूत त्याचा अर्थ मर्जी, संमती. मराठीतली रजा म्हणजे तिथली छुट्टी किंवा रुख़्सत.

पानगळ
अहो, अर्ज नाही! बोलायचं आहे.
उर्दू कवितेची ऑनलाइन बैठक आहे, व्हिडिओवर. बरेचसे लोक ज्येष्ठ आहेत, काही लखनौचे, काही कराचीचे. मला संपण्याआधी निघावं लागणार आहे. 'मुझे जाने दीजिए' कसं वाटतं?

शीन_क़ाफ़
हे आधी सांगायला हवं होतं, मधून उठणं हा वेगळाच प्रकार आहे.
'जाने दीजिए' नको. एक तर सुटका मागितल्यासारखं वाटतं. दुसरं म्हणजे आपल्या 'जाऊ द्या हो' सारखा त्याचा 'सोडून द्या तो विषय' असाही अर्थ होतो. कुणी नुकताच शेर वाचला असेल आणि तुम्ही 'अब जाने दीजिए' म्हणालात, तर विचित्र होईल.
तुमचं वाक्य हे:
'माज़रत चाहती हूँ, मुझे ज़रा जल्दी निकलना होगा। अब इजाज़त चाहूँगी।'
माज़रत म्हणजे माफी. ती आधी, कारण तुम्ही मधून उठताय. सगळ्यांबरोबर शेवटी निघत असता तर माज़रत लागली नसती, 'अच्छा, तो अब इजाज़त दीजिए' पुरलं असतं.

निळाई
'इजाज़त दीजिए' मला जरा हुकमी वाटतं. मोठ्यांना 'दें' म्हणावं.

शीन_क़ाफ़
दीजिए हुकमी नाही, 'आप'बरोबरचं ते नेहमीचं आदरार्थी रूप आहे. सूत्रसंचालकही 'अपने मेज़बान को इजाज़त दीजिए' म्हणत कार्यक्रम संपवतात. 'दें' थोडं अधिक औपचारिक, एवढंच. 'दीजिएगा' मात्र आत्ता चालणार नाही, त्यात 'नंतर द्या' असा सूर येतो. 'चाहती हूँ' पेक्षा 'चाहूँगी' मऊ, म्हणून मोठ्यांसमोर तेच घ्या. पुरुष असेल तर चाहूँगा.

दखनी_दौलत
'अब मैं रुख़्सत होती हूँ' जास्त भारदस्त नाही का?

निळाई
भारदस्त आहे, पण जड आहे. 'दुनिया से रुख़्सत हुए' म्हणजे वारले. नवरीची पाठवणी ती रुख़्सती. 'रुख़्सत चाहूँगी' चालतं, पण रोजच्या बोलण्यात इजाज़तच बरी.
आणि 'मुझे जाना है', 'जाना होगा', 'जाना पड़ेगा' हे एकच समजू नका. 'जाना है' म्हणजे जायचं आहे, आधीच ठरलेलं. 'पड़ेगा'त नाइलाज आहे. 'होगा' त्या दोन्हींपेक्षा सौम्य. 'मेरे को जाना है' टाळा. बैठकीत कुणी 'मैंने जाना है' म्हणालं तर ती पंजाबी वळणाची उर्दू आहे, तुम्ही 'मुझे'च म्हणा.

रोखठोक
एका वाक्यासाठी एवढं व्याकरण! ख़ुदा हाफ़िज़ पुरे होतं. आणि कराचीवाल्यांना अल्लाह हाफ़िज़ म्हणावं लागेल, तिकडे ख़ुदा चालत नाही.

दखनी_दौलत
चालत नाही हे साफ चूक. पाकिस्तानात 1980 च्या दशकापासून अल्लाह हाफ़िज़ जास्त पसरलं हे खरं, पण ख़ुदा हाफ़िज़ म्हणणारे आजही आहेत. ख़ुदा फ़ारसी, हाफ़िज़ अरबी, आणि ही जोडी जुनी आहे. सोपा नियम: समोरचा जे म्हणेल तेच परत म्हणा. लखनौकडच्या ज्येष्ठांना 'आदाब' म्हटलंत तरी छान, भेटताना आणि निघताना दोन्हीकडे चालतं.

बाराखडी
फ़ी अमानिल्लाहसुद्धा आहे, म्हणजे 'अल्लाहच्या रक्षणात'.

शीन_क़ाफ़
ते बहुधा मागे राहणारा निघणाऱ्याला म्हणतो. पानगळ, तुम्हाला ते ऐकू येईल, तुम्ही म्हणायचं नाही.

पानगळ
धन्यवाद. वाक्य लिहून घेतलं. पण त्यांनी 'अरे, अभी से?' म्हटलं तर? आणि नेमकं कधी बोलू? कुणी ना कुणी वाचतच असतं.

निळाई
थांबवणार हे गृहीत धरा, तो शिष्टाचार आहे. कारणांची यादी देत बसू नका. 'जी तो नहीं चाहता, मगर मजबूरी है' एवढं म्हणा. नंतर 'इंशाअल्लाह फिर हाज़िर हूँगी'. इथे 'फिर तशरीफ़ लाऊँगी' म्हणू नका. 'तशरीफ़ लाना' म्हणजे आदरानं म्हटलेलं येणं, ते नेहमी दुसऱ्याचं, स्वतःसाठी 'हाज़िर होना'. ही चूक आदर दाखवायच्या नादात होते आणि लगेच कानाला खटकते.

शीन_क़ाफ़
वेळेबद्दल: शेर अर्धा असताना कधीच नाही. ग़ज़ल पूर्ण होऊ द्या, दाद होऊ द्या, पुढच्याचं नाव पुकारलं जाण्याआधीच्या फटीत बोला. शक्य असेल तर सुरुवातीलाच संचालकांना चॅटमध्ये कळवा: 'मुझे बीच में उठना पड़ेगा, पेशगी माज़रत'. पेशगी म्हणजे आगाऊ. मग निघताना चार शब्दांत भागतं.
बोलून झाल्यावर लगेच कॉल बंद करू नका. इजाज़त मागितली आहे, तर उत्तर येऊ द्या. 'जी, ज़रूर' येईल, वडीलधारे 'जीती रहिए' म्हणतील. त्यावर 'बहुत शुक्रिया', मग अल्लाह किंवा ख़ुदा हाफ़िज़, मग बंद.

निळाई
उच्चारही सांगते. 'इजाज़त'मधला पहिला ज 'जीव'मधला. दुसरा आपल्या 'जवळ'मधल्या जच्या जवळचा, पण जीभ वर टेकू न देता घासून काढायचा. दोन्ही सारखे काढले की 'इजाजत' होतं. रुख़्सत आणि ख़ुदाचा ख घशातून, घासून. वक़्तचा क़ पडजिभेपाशी. तो नाही जमला तरी चालेल, पण ज़ जमवाच, तुमच्या वाक्यात तो तीनदा येतो: माज़रत, ज़रा, इजाज़त.

पानगळ
'मुझे ज़रा जल्दी निकलना होगा' मध्ये 'जल्दी'चा ज कुठला?

निळाई
साधा, 'जीव'मधला. 'ज़रा जल्दी' सलग म्हणताना दोन्ही ज़ होतात, तेवढं सावकाश म्हणा.

रोखठोक
उर्दू लिपी शिकायची असेल तर किती वेळ लागतो?

दखनी_दौलत
त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.