हात स्वच्छतेचं प्रशिक्षण: हॉलमधलं व्याख्यान बंद करून खाटेजवळ शिकवावं का?

शुश्रूषा (धागाकर्ती):

मी परिचारिका आहे, नव्याने रुजू होणाऱ्या मुलींना शिकवण्याचं कामही करते. हात स्वच्छतेचं वार्षिक प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी एकाच साच्यात होतं. हॉलमध्ये सगळ्यांना बसवायचं, स्लाइड्स दाखवायच्या, हात चोळण्याच्या सहा-सात पायऱ्या एकसुरात करून घ्यायच्या, सह्यांचं रजिस्टर फिरवायचं आणि शेवटी छोटी परीक्षा. परीक्षेत सगळ्या पास होतात आणि वॉर्डात परत गेल्यावर काहीही बदललेलं नसतं. माझं स्पष्ट मत आहे की हा प्रकार बंद करावा आणि तेवढा वेळ वॉर्डात, चालू कामात, रुग्णाच्या खाटेजवळ शिकवायला द्यावा.

कारण आमच्याकडून चूक होते ती हात कसे चोळायचे यात कमी आणि नेमके कधी चोळायचे यात जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत पाच क्षण दिलेत: रुग्णाला हात लावण्यापूर्वी, निर्जंतुक कामापूर्वी, शरीरातील द्रवांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यावर. हे पाचही झोपेतून उठवून विचारले तरी आमच्या मुली सांगतील.

आता प्रत्यक्ष काम बघा. सकाळचं अँटिबायोटिक द्यायचंय. सिस्टर ट्रॉली घेऊन येते, खाटेच्या पायथ्याशी हँडरब (हातावर चोळायचं अल्कोहोलचं द्रव) लावते. मग पडदा ओढते, कठडा खाली करते, रुग्णाची उशी सारखी करते, मनगटावरचा बँड वाचते, चादरीखालचा हात बाहेर काढते आणि त्याच बोटांनी कॅन्युलाचं, म्हणजे शिरेत बसवलेल्या नळीचं, टोपण उघडते. तिला विचारलं तर ती म्हणेल, हात स्वच्छ केले होते. ते खरंच आहे. पण पडदा आणि कठड्यावरचं सगळं त्या टोपणापर्यंत गेलं, तिथून थेट रक्तात जाण्याची वाट उघडी. दुसरा क्षण निसटला आणि तिला कळलंही नाही. हॉलमध्ये हे कुणाला शिकवणार? तिथे पडदा नाही, कठडा नाही, कॅन्युलाही नाही.

खाटेजवळ उभं राहून हेच काही मिनिटांत शिकवता येतं. आधी पडदा, कठडा, उशी, रुग्णाचा हात, सगळं मार्गी लावा. सिरिंज, स्वॅब हाताशी ठेवा. मग हँडरब. त्यानंतर टोपण, पोर्ट (औषध सोडायचं तोंड) स्वॅबने नीट पुसून वाळू द्यायचा आणि औषध. कामाचा क्रम बदलला की वेळही वाढत नाही. विरोधी मतं जरूर मांडा.

संसर्गनियंत्रण:

मी पूर्ण असहमत आहे. मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून हेच प्रशिक्षण घेते, त्यामुळे हे मला लागलं हे आधी सांगते.

"कसे चोळायचे ते सगळ्यांना येतं" हे गृहीतकच चुकीचं आहे. चमकणारं लोशन हाताला लावायला द्या, नेहमीसारखं चोळायला सांगा आणि अतिनील दिव्याखाली हात धरायला लावा. तळवे लख्ख चमकतात. अंगठ्याचं मूळ, बोटांची टोकं आणि नखांच्या कडा काळ्याच राहतात. वर्षानुवर्षं नोकरी केलेल्या सिस्टर आपल्याच हातांकडे बघत राहतात. आणि तुमच्या उदाहरणातलं टोपण उघडतात कशाने? बोटांच्या टोकांनीच ना?

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्लासगोतला अभ्यास घ्या. डॉक्टर आणि नर्सेसच्या समोर सूचनांचं चित्र ठेवलेलं, निरीक्षकही समोर उभा, तरीही सहाही पायऱ्या पूर्ण करणारे फक्त ६५ टक्के निघाले. त्याच अभ्यासात सहा पायऱ्यांनी जंतूही जास्त कमी झाले. म्हणजे तंत्र येत नाही आणि तंत्राने फरक पडतो, दोन्ही गोष्टी सिद्ध आहेत.

हँडरब किती घ्यायचा, त्याचंही तसंच. पंप एकदा हलकेच दाबायचा, दोन थेंब तळव्यावर फिरवायचे आणि पुढच्या खाटेकडे. हँडरबने हात २० ते ३० सेकंद ओले राहायला हवेत. मोठ्या हातांना जास्त लागतं. हे शांतपणे बसूनच शिकवावं लागतं. वॉर्डात मॉनिटर वाजत असताना कोण ऐकणार?

शुश्रूषा:

दिव्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तो दिवा वॉर्डात आणता येतो, त्यासाठी हॉल लागत नाही.

पायऱ्यांबद्दल मात्र पूर्ण चित्र मांडूया. ग्लासगोत सहा पायऱ्यांची तुलना ज्या पद्धतीशी केली ती नुसती "सगळीकडे चोळा" अशी होती. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी वेगळी तीन पायऱ्यांची पद्धत तपासली: पूर्ण हाताला लावा, बोटांची टोकं तळव्यात गोल फिरवा, अंगठे गोल फिरवा. ती जंतू कमी करण्यात सहा पायऱ्यांच्या मागे पडली नाही आणि लोकांनी ती जास्त नीट पाळली. मग जे नेमकं राहून जातं, टोकं आणि अंगठा, तेच पक्कं का करू नये? सहा पायऱ्या क्रमाने म्हणण्यात परीक्षेचे गुण मिळतात, एवढंच.

रात्रपाळी:

तुम्ही दोघी प्रशिक्षण कुठे घ्यायचं यावर भांडताय. माझं म्हणणं आहे की दोष प्रशिक्षणात नाहीच.

जिनिव्हाच्या रुग्णालयातलं काम या विषयात सगळे सांगतात. १९९४ मध्ये तिथे हात स्वच्छ करायला हवेत अशा वेळांपैकी ४८ टक्के वेळाच ते केले जात होते. कुठे सर्वात कमी? जिथे कामाचा ताण सर्वात जास्त तिथे, आयसीयूत. तिथल्या सिस्टरना पायऱ्या येत नव्हत्या असं कुणी म्हणेल का? १९९७ पर्यंत हे प्रमाण ६६ टक्क्यांवर गेलं आणि रुग्णालयात होणारे संसर्ग १९९८ पर्यंत १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले. तिथे केलं काय? अल्कोहोलचा हँडरब खाटेपाशी आणि खिशात आला, भित्तिपत्रकं लागली, निरीक्षणाचे निकाल लोकांना कळवले गेले आणि वरचे लोक मागे उभे राहिले.

साबण-पाण्याने नीट धुवायला ४० ते ६० सेकंद, शिवाय बेसिनपर्यंत जाणं-येणं. १९९७ मध्येच एका अभ्यासात हिशेब मांडला होता: आयसीयूत प्रत्येक वेळी बेसिनवरच हात धुवायचे म्हटलं तर एका दिवसपाळीत सगळ्या नर्सेसचे मिळून १६ तास जातील, हँडरबने ३ तास. म्हणजे जे काम माणसाच्या हातून होणंच शक्य नव्हतं, ते न केल्याबद्दल आम्ही बोलणी खात होतो.

आता माझ्या वॉर्डातलं सांगते. भिंतीवर स्टँड आहे, त्यात बाटली आहे, बाटली रिकामी आहे. दुसरीचा पंप अडकतो. इंडेंट (मागणीपत्र) केलंय, येईल तेव्हा येईल. हात इतके फुटलेत की काहीही लावलं तरी आग होते. अशात कुणी मला पुन्हा तळव्यावर तळवा शिकवायला आलं तर मला त्यात एकच अर्थ दिसतो: खर्च करायचा नाही, माणसं भरायची नाहीत, दोष सिस्टरच्या माथी मारायचा.

संसर्गनियंत्रण:

रिकामी बाटली हा अपराधच आहे, त्यावर दुमत नाही. हात फुटण्याबद्दल मात्र सांगते. आग होते म्हणून पुष्कळ जणी हँडरब सोडून साबणाकडे वळतात आणि त्वचा आणखी बिघडते. आग होते कारण त्वचा आधीच फुटलेली असते. ग्लिसरीनसारखं मऊ ठेवणारं द्रव्य असलेला हँडरब त्वचेला साबणापेक्षा कमी त्रास देतो. साबण वापरायचा तो हात उघड दिसण्याइतके घाण झाले तर, किंवा क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जंतूचे जुलाब असलेल्या रुग्णानंतर, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. हँडरब लावून लगेच ओल्या हातांवर साबण वापरू नका. आता सांगा, ही माहिती प्रशिक्षणाशिवाय कुठून मिळणार?

शल्यविभाग:

डॉक्टर आहे. नर्सेसवरच भर का, असा सूर पुढे येणार हे दिसतंय, म्हणून आधीच लिहितो. रुग्णाला दिवसभर सर्वाधिक हात परिचारिकांचे लागतात. जिथे संपर्क जास्त तिथे प्रशिक्षण आधी, हा साधा तर्क आहे. त्यात कुणाला कमी लेखण्याचा प्रश्न नाही.

रात्रपाळी:

सर, तर्क साधा आहे पण अर्धा आहे. त्याच जिनिव्हाच्या निरीक्षणात डॉक्टरांचं प्रमाण नर्सेसपेक्षा कमी होतं. आणि हा विषय सुरू कुठून झाला? १८४७, व्हिएन्ना. एका प्रसूती कक्षात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. बाळंतिणी जास्त मरत होत्या डॉक्टरांच्या कक्षात, कारण ते शवविच्छेदनावरून थेट तिथे यायचे. तिथल्या सेमेलवाइस या डॉक्टरने क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि एप्रिलमध्ये अठरा टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण दोन-तीन महिन्यांत दोनच्या आसपास आलं. सुईणींना प्रशिक्षण देऊन ते आलं नव्हतं.

राउंडच्या वेळी सर एका जखमेवरची पट्टी उचलून बघतात आणि तसेच पुढच्या खाटेकडे वळतात. मागे उभ्या असलेल्या नव्या सिस्टरने बोलायचं कसं?

शल्यविभाग:

राउंडचं मान्य करतो, असं होतं आणि ते व्हायला नको. पण त्यावर उपाय डॉक्टरांनाही प्रशिक्षण हा आहे. नर्सेसचं कमी करणं हा नाही.

आकडेमोड:

सगळे टक्केवारी सांगताय, पण मोजणी कशी होते बघा. निरीक्षक वही घेऊन उभा राहिला की सगळे हात चोळतात. टोरांटोत इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने मोजलं तेव्हा निरीक्षक नजरेसमोर असताना हँडरबचा वापर सुमारे तिप्पट दिसला. त्यामुळे प्रशिक्षणानंतर ऑडिट सुधारलं, या दाव्यावर माझा विश्वास नाही. आधी मोजणी स्वयंचलित करा, मग वाद घाला.

शुश्रूषा:

डिस्पेन्सर किती वेळा दाबला ते यंत्र मोजेल. कठडा आणि कॅन्युलाच्या मधे दाबला का, हे बहुतेक यंत्रांना कळत नाही. तिथे जाणकार माणूसच लागतो आणि त्याने गुण देण्यापेक्षा तिथल्या तिथे सांगावं.

रुग्णाची मुलगी:

मी या क्षेत्रातली नाही. आईजवळ दवाखान्यात राहिले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ग्लोव्हज घातलेली सिस्टर लघवीची पिशवी रिकामी करून त्याच ग्लोव्हजनी आईचं सलाईन बघायची. मी विचारलं तर म्हणाली, ग्लोव्हज आहेत ना. आम्ही नातेवाइकांनी बोलावं, असं प्रशिक्षणात का नाही सांगत?

रात्रपाळी:

ताई, तुम्ही विचारलंत ते योग्यच केलंत. पण ही जबाबदारी आजारी माणसावर टाकायला माझा विरोध आहे. ज्याचा जीव आमच्या हातात आहे तो आम्हाला टोकायला घाबरतो.

शुश्रूषा:

ग्लोव्हजचा मुद्दा फार मोलाचा आहे. ग्लोव्हज तिला वाचवतात, आईंना नाही. पिशवी झाली की ते काढायचे, हात स्वच्छ करायचे, मग सलाईन. हेही खाटेजवळच दिसतं.

रात्रपाळी, बाटल्या आणि माणसं हव्यातच. जागतिक आरोग्य संघटनाही नुसतं प्रशिक्षण द्या म्हणत नाही. सोयी, प्रशिक्षण, निरीक्षण आणि त्याचा निकाल कळवणं, कामाच्या जागी आठवण आणि संस्थेची साथ, असे पाच भाग एकत्र आहेत. पण बाटली भरलेली असतानाही दुसरा क्षण निसटलेला मी रोज बघते, म्हणून प्रशिक्षण मागे ठेवायला मी तयार नाही. डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय, एका वॉर्डात काम करणारे सगळे एकत्र शिकू देत. म्हणजे नव्या सिस्टरला "सर, हँडरब" म्हणायला तोंड उघडेल.

संसर्गनियंत्रण:

नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी हॉल आणि दिवा राहू दे. वार्षिक उजळणी वॉर्डात न्यायला माझी हरकत नाही. त्यापुढे मी येणार नाही.

रात्रपाळी:

आणि वॉर्डात शिकवत असताना माझ्या खाटा कोण बघणार? हॉलमध्ये निदान बदली सिस्टर तरी देतात.

शुश्रूषा:

शिकवणारीने तेवढा वेळ तुमच्यासोबत त्याच खाटांवर काम करायचं. औषधाची एक फेरी तिने द्यायची, तुम्ही बघायचं, पुढची तुम्ही द्यायची आणि तिने बघायचं. जिला हे जमत नाही तिने शिकवायला येऊ नये.

रात्रपाळी:

हे लेखी आदेशात आणा. आणि यायच्या आधी स्टँडमधली बाटली भरून आणा.