मदत हवी आहे: फोटोशॉपमध्ये अक्षरं खरंच झिजल्यासारखी कशी दाखवायची?

नमस्कार मंडळी, जुन्या अवजारांच्या प्रदर्शनाचं पोस्टर करतोय, ए३ साइज, ३०० पीपीआय, म्हणजे ३५०८ × ४९६१ पिक्सेल. वर ठळक अक्षरात 'जुनी अवजारं' एवढंच आहे आणि ते लाकडी फळीवर रंगवून वर्षानुवर्षं उन्हापावसात पडल्यासारखं दिसायला हवंय, पोपडे गेलेले, कडा खाल्लेल्या. नॉइज फिल्टर मारला की सगळीकडे सारखीच वाळू पसरल्यासारखं होतं, खरा रंग असा कुठे जातो, तो कडेला आणि कोपऱ्यात आधी सुटतो, मधे बराचसा टिकून राहतो. तयार झिजका फॉन्ट लावून बघितला तर दोन्ही 'ज'ना अगदी त्याच जागी तेच भोक, आणि एकदा ते दिसलं की नजर तिथेच जाते.

दुसरं म्हणजे आपली लिपी. टेक्श्चर जरा जास्त झालं की 'जु'चा उकार जातो आणि लोक 'जनी' वाचणार, 'रं'वरचा अनुस्वार तर सगळ्यात आधी गायब. शिरोरेषा थोडी तुटलेली छानच दिसते पण मात्रा-उकार गेले तर पोस्टरचा उपयोग काय.

मजकूर अजून फायनल नाही, त्यामुळे रास्टराइज न करता, म्हणजे अक्षरांचं साधं चित्र न बनवता, जमेल का? इरेझर घेतला की तेच विचारतं. रंग उडालेल्या दाराचे चांगले मोठे फोटो आहेत माझ्याकडे, ते चालतील का?

प्रतिसाद १
इरेझर नकोच, लेयर मास्क घ्या, म्हणजे अक्षर न पुसता त्याचा भाग झाकणारा पडदा, फोटो तर उत्तमच. टेक्स्ट लेयरला मास्क लावा, दाराचा फोटो कॉपी करा, ऑल्ट दाबून मास्कच्या चौकोनावर क्लिक केलं की मास्क मोठा उघडतो, तिथे पेस्ट करा. काळं असेल तिथलं अक्षर लपतं, पांढरं असेल तिथलं दिसतं, उलटं पडलं तर कंट्रोल+आय. आता खरं काम लेव्हल्सचं, म्हणजे गडद-उजळपणा ठरवणाऱ्या स्लायडरांचं, कंट्रोल+एल. फोटोत करडे भाग भरपूर असतात आणि करड्याने अक्षर नुसतं पुसट होतं, पोपडा निघाल्यासारखं वाटत नाही. म्हणून काळा आणि पांढरा स्लायडर जवळजवळ आणा पण चिकटवू नका, थोडी फट ठेवली की कडा स्वच्छ येतात, थ्रेशोल्डने (करडं अजिबात न ठेवता फक्त काळं-पांढरं) दातेरी होतात. मग लेयर आणि मास्कच्या मधली साखळी काढा, मास्क एकटा सरकवता येतो, ओरखडा कुठे पडायचा ते तुम्हीच ठरवा. टेक्स्ट शेवटपर्यंत एडिट होतं.

प्रतिसाद २
वरच्यात भर. उकार-अनुस्वार मास्कवरच पांढऱ्या ब्रशने परत आणा, पण खडबडीत टोकाच्या ब्रशने, गोल गुळगुळीत घेतला तर ठिगळ दिसतं. शिवाय टेक्स्ट लेयरची एक कॉपी मास्क न लावता खाली ठेवा, ओपॅसिटी (ठळकपणा) २० टक्के. पोपडा गेला तरी लाकडात रंगाचा डाग उरतोच, आणि वाचायलाही आधार मिळतो. कडांसाठी टेक्स्टच्या चौकोनावर कंट्रोल क्लिक करून सिलेक्शन घ्या, काही पिक्सेल काँट्रॅक्ट करा (आत आखडा), इन्व्हर्स करा (उलटवा) आणि मास्कवर त्याच ब्रशने काळं मारा, सलग नाही, मधे मधे सोडून.

धागाकर्ता
साखळीचं माहीतच नव्हतं, मनापासून आभार! ओरखडा उकाराच्या बाजूने काढला आणि शब्द नीट वाचता येतोय. आता फळीच्या रेषा अक्षरातून दिसायला हव्यात, त्यासाठी वेगळा मास्क करू का?

प्रतिसाद २
नको. टेक्स्ट लेयरच्या नावाशेजारच्या रिकाम्या जागेवर डबलक्लिक करा, उघडेल त्या खिडकीत 'ब्लेंड इफ' आहे, त्यातला खालचा 'अंडरलाइंग लेयर'. काळा स्लायडर उजवीकडे सरकवा आणि ऑल्ट दाबून त्याचे दोन भाग करा, म्हणजे गडद रेषा हळूहळू वर येतात, एकदम कापल्यासारख्या नाही. खालच्या कॉपीलाही तेच सेटिंग द्या, नाहीतर तिचा रंग त्या रेषांवर बसेल.