पैठणच्या खासगी संग्रहातल्या नाण्यांवर शोधनिबंध लिहावा का?

गोदाकाठ:
पीएचडीचा विषय सातवाहनांची शिशाची आणि पोटीनची (तांबं, कथील, शिसं यांच्या मिश्रधातूची) नाणी. पैठणच्या एका संग्राहकाकडे अशी ६० नाणी आहेत, बहुतेक पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातली. फोटो काढू देतो, पण नाणी अस्सल असल्याचं पत्र मागतो. पत्र द्यावं का? नुसते फोटो छापले तर चालेल?

जुनी टांकसाळ:
पत्र अजिबात देऊ नका. तेच पत्र जोडून नाणी विकली जातील. निबंधातला फोटोही विक्रीला तसाच कामी येतो. आधी विचारा: कधी घेतली, कोणाकडून, जुनी वही किंवा पावती आहे का? खाचांत ताजी माती दिसली तर नाणी नुकतीच उकरलेली असावीत. १९७२च्या पुरावस्तू कायद्याने विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवताच येत नाहीत. दगडी मूर्तींसारखी नाण्यांची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे नोंदणीचा कागद नाही एवढ्यावरून चोरीचा माल ठरवू नका.

तेरणाकाठ:
१८७८चा निखात निधी कायदाही बघा. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. धनी मिळाला नाही तर सापडवणाऱ्याला पाऊण हिस्सा, जमीनमालकाला पाव. पण सरकारने ठेवून घेतलं तर फक्त धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग. शिशाच्या नाण्याला त्यात काय मिळणार? दलालाचं फावतं ते इथंच.

आणि वस्तू मातीच्या ज्या थरात होती तो थर गेला की तिचा काळही गेला. इटलीतल्या पाँपेईत सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती ज्वालामुखीच्या इ.स. ७९च्या राखेखाली होती, म्हणून ती त्याआधीची हे पक्कं. तिच्याशी जुळणारी भोकरदनची मूर्ती उत्खननात मिळाली, म्हणून तिचा थर माहीत आहे. टेकाड उकरून काढलेल्या नाण्याबद्दल असं काहीच सांगता येत नाही.

गोदाकाठ:
मग ही ६० सोडूनच द्यायची?

जुनी टांकसाळ:
जुना पुरावा मिळाला नाही तर हो, सोडा. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात तिथली नाणी अभ्यासायची लेखी परवानगी मागा. वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत, व्यास मिलिमीटरमध्ये, दोन्ही बाजूंच्या ठशांची एकमेकांशी दिशा आणि संग्रहालयाच्या नोंदवहीतला दाखल क्रमांक, एवढं प्रत्येक नाण्याचं टिपा. चिंच किंवा लिंबू लावू नका, वरचा थर जातो आणि पुसट अक्षरंही जातात. शिसं लाकडी कपाटात ठेवलेलं दिसलं तर तिथल्या अभिरक्षकांना सांगा. लाकडाच्या आम्लवाफेने त्यावर पांढरी भुकटी धरते.