अर्धशिशी, वाढलेले वजन आणि रक्तातील साखर यांचा संबंध असतो का?

प्रश्न:
गेली 8 वर्षे मला अर्धशिशीचा त्रास आहे. आदल्या दुपारपासून सारख्या जांभया येतात, मान आखडते, गोड खाण्याची अनावर इच्छा होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उजव्या भुवईच्या वर ठणका सुरू होतो. वर्षभरात वजन बरेच वाढले असून रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आली आहे. वजन उतरावे म्हणून मी सकाळचे खाणे बंद केले, तर डोके अधिकच दुखू लागले. गोड खाल्ल्यानेच डोके उठते, असे घरचे म्हणतात. ते बरोबर आहे का?

पहिले उत्तर:
तुमच्या मांडणीत कार्य आणि कारण यांची अदलाबदल झाली असावी, असे मला वाटते. जांभया, आखडलेली मान आणि गोडाची ओढ ही अर्धशिशीची पूर्वलक्षणे आहेत. म्हणजे गोड तोंडात पडण्याआधीच झटका सुरू झालेला असतो. उपाशी राहण्याचे मात्र तसे नाही. शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही एकूण ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के ऊर्जा वापरतो, आणि अर्धशिशीच्या अनेक रुग्णांना जेवणाची वेळ टळणे सोसत नाही. वजन जरूर उतरवा, पण खाण्याच्या वेळा पाळून.

दुसरे उत्तर:
लठ्ठपणामुळे अधूनमधून येणारी अर्धशिशी जुनाट होण्याचा, म्हणजे 3 महिन्यांहून अधिक काळ महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस डोके दुखण्याचा धोका वाढतो. याची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही: झटके टाळण्यासाठी रोज घ्यावयाच्या औषधांपैकी अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन आणि व्हॅल्प्रोएट यांनी वजन वाढू शकते, तर टोपिरामेटने ते घटते, मात्र गर्भधारणेची शक्यता असल्यास टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट दोन्ही गर्भाला घातक ठरू शकतात. आपण यांपैकी काही घेता का?

प्रश्नकर्ती:
होय, वर्षभरापासून रोज रात्री अमिट्रिप्टिलिन घेते. वजन त्यानंतरच वाढू लागले, हे आता ध्यानात येते आहे.

दुसरे उत्तर देणारे:
मग हा कालक्रम आणि साखरेचा अहवाल डॉक्टरांसमोर ठेवा व पर्यायी औषधाविषयी विचारा. तोपर्यंत गोळी मनाने बंद करू नका, कारण ती टप्प्याटप्प्यानेच कमी करावी लागते. सकाळचे खाणे मात्र उद्यापासूनच पुन्हा सुरू करा.