गरोदरपणात शहर बदलताना डॉक्टर कधी बदलावी? मदत हवी आहे

लग्नाला ११ महिने झाले. तेवढ्यात माझी नोकरी बदलली, घर बदललं आणि आता मी २२ आठवड्यांची गरोदर आहे. त्यात नवऱ्याची दुसऱ्या शहरात बदली झालीय. मुदतवाढ मागून पाहिली, मिळाली नाही. माझं काम घरून चालतं, तो प्रश्न नाही. प्रवासाला डॉक्टरांची हरकत नाही, पण २८ आठवड्यांनंतर बऱ्याच विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात, म्हणून जायचं तर आत्ताच. पहिल्याच बाळंतपणात ओळखीची डॉक्टर सोडायची याची मात्र खरंच धास्ती वाटते. मध्येच डॉक्टर बदललेल्यांनी सांगा: नवीन ठिकाणी कितव्या आठवड्यात नाव नोंदवलंत आणि सोनोग्राफीशिवाय कोणते रिपोर्ट मागितले?